मुंबई बेटाचा भाडेकरू

मुंबईत भाड्याची जागा शोधताना डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार आणि सोसायटीची ना-हरकत या तिन्ही घाटांचे पाणी ज्यांनी प्यायले आहे, त्यांना हे ऐकून गंमत वाटेल. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टराने खोली नव्हे, घर नव्हे, अख्खे मुंबई बेट भाड्याने घेतले होते. घरमालक पोर्तुगालचा राजा आणि भाडेकरू गार्सिया दा ओर्ता. राहायचा तो गोव्यात, दवाखाना तिथेच. मुंबईत त्याचे कूळ होते, घर होते आणि त्याच्या जिवाची आवड असलेली बाग होती. टाऊन हॉलच्या, म्हणजे आपल्या एशियाटिकच्या पाठीमागे नौदलाचा ‘आंग्रे’ तळ आहे. तिथेच पुढे इंग्रजांचा किल्ला झाला, आणि त्या किल्ल्याच्या पोटात जे जुने पोर्तुगीज घर गेले ते ओर्ताचे, असे मुंबईचे इतिहासकार मानतात. आता झाडे नाहीत. एक जुना दरवाजा आणि एक सूर्यघड्याळ तेवढे उरले आहे, आणि त्यांचेही दर्शन परवानगीशिवाय होत नाही.

या बागेतले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळत असे, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. ओर्ताने हे कौतुकाने लिहून ठेवले आहे. त्याचा सिमाव तोश्कानो नावाचा मुंबईतला खंडकरी या बेटावरचे आंबे टोपलीत घालून गलबताने गोव्याला घेऊन येतो, असा प्रसंगही त्याच्या पुस्तकात आहे. कोकणच्या आंब्याची पेटी साहेबाच्या घरी पोचवण्याची आपली रीत किती जुनी आहे पाहा.

हा ओर्ता माझ्या डोक्यात पुन्हा शिरला तो एका रोपामुळे. मी राहतो देवनारला. आमच्या इमारतीतल्या आठवीतल्या एका मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी दह्याच्या रिकाम्या डब्यांत अंबाडीचे बी रुजवले होते. डब्यांना खाली भोके, आत माती आणि शेणखत, वर बोटभर खोलीवर बी. चार-पाच दिवसांत जोडपाने वर आली आणि पोरगी हरखली. आठवड्याने पाहतो तर रोपे वीतभर उंच, फिकट, आणि सगळी माना लांब करून खिडकीच्या काचेकडे वाकलेली. तिला वाटले, जोमाने वाढताहेत. घरात प्रथमच रोपे करणाऱ्या प्रत्येकाला तसेच वाटते. खरे तर ती धाव वाढीची नसते, उजेडाच्या भुकेची असते. जमिनीखाली किंवा सावलीत अडकलेल्या अंकुराने जीव एकवटून वर जायचे, पाने आणि जाडी नंतर पाहू, असा त्याचा उपजत हिशेब असतो. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर दिसतो, पण उघड्या गच्चीच्या मानाने तो फारच थोडा असतो. त्यात रोज पाणी घातले की माती कायम ओली राहते आणि रोपे मातीलगत कुजून एका रात्रीत आडवी होतात. आम्ही डबे गॅलरीच्या जाळीत नेले, आधी सकाळचे कोवळे ऊन, मग हळूहळू जास्त. पाणी मातीचा वरचा थर सुकल्यावरच. अर्धी रोपे वाचली.

खरा गोंधळ पुढे झाला. महिना-सव्वा महिन्याने पाने मोठी झाली ती पंजासारखी, पाच बोटांची, करवती कडांची. कोणाकडे तरी पाहुणे आले होते. त्यांनी ती पाहिली, मोबाइलवर फोटो काढला आणि जिन्यात कुजबुज सुरू झाली. वॉचमनकडून गोष्ट सेक्रेटरींपर्यंत गेली आणि सेक्रेटरी माझ्याकडे आले, कारण झाडांचे खूळ असलेला इमारतीतला माणूस मी. मी एक पान तोडून तोंडात टाकले आणि दुसरे त्यांच्या हातावर ठेवले. आंबट! अंबाडीच ती. या अंबाडीच्या शास्त्रीय नावातच कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी, असा शब्द आहे. लिनीअससारख्या माणसालाही तिचे पान पाहून भांगच आठवली होती, तिथे आमच्या पाहुण्यांचे काय घेऊन बसलात! फरक नीट पाहिला तर कळतो. अंबाडीच्या पानाची बोटे तळाशी एकमेकांना जोडलेली असतात, भांगेची थेट देठापर्यंत सुटी. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात. आणि फुले आली की वादच मिटतो, कारण अंबाडीला भेंडीसारखे पिवळे, मध्ये गडद लाल डोळा असलेले फूल येते.

हे सांगितले ते एवढ्यासाठी की हे रोप म्हणजे मला माहीत असलेले तेच का, हा प्रश्न ओर्ताने गोव्यात बसून भांगेबद्दल विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची त्याची पद्धतही हीच होती. पान पाहा, बी पाहा, साल सोलून पाहा आणि माळ्याला विचारा.

त्याचा जन्म १५०१ च्या सुमाराचा, पोर्तुगालमध्ये स्पेनच्या सरहद्दीवरच्या कास्तेलो दे विदे या गावातला. आईबाप मूळचे ज्यू, स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलले गेलेले. सरहद्द ओलांडून ते पोर्तुगालात आले, तर पाच वर्षांत, १४९७ मध्ये, तिथल्या राजाने सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करून घेतले. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव बदलले, चर्चमध्ये जाणे आले, पण जुन्या ख्रिस्त्यांच्या डोळ्यांतला संशय पिढ्यान्‌पिढ्या गेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी घर झाडले, शनिवारी धुतलेला सदरा घातला, डुकराचे मांस ताटात तसेच राहिले, एवढ्यावरूनही शेजारी चुगली करू शकत.

मुलगा हुशार निघाला. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकून तो १५२३ च्या सुमारास परतला, काही वर्षे गावी वैद्यकी केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पुस्तकातले वैद्यक त्याला पाठ होते. ते म्हणजे ग्रीकांचे आणि अरबांचे. त्या पुस्तकांतली निम्मी औषधे पूर्वेकडून येत असत आणि ज्यांनी त्यांच्यावर टीका लिहिल्या त्यांनी ती झाडे कधी पाहिलेली नसत. मिरीची वेल कशी असते, दालचिनी ही साल की मूळ, हळद आणि केशर यांचे नाते काय, यावर विद्वान एकमेकांच्या ग्रंथांतले दाखले देत भांडत. एखाद्या जिज्ञासू माणसाला जहाजात चढायला एवढे कारण पुरे होते. पण ओर्ताजवळ दुसरेही कारण होते, आणि माझ्या मते तेच मोठे. नव्या ख्रिस्त्यांनी देश सोडू नये असा हुकूम १५३२ मध्ये निघाला होता, आणि पोर्तुगालात धर्मन्यायालय स्थापन करण्याची राजाची खटपट चालू होती. ते १५३६ मध्ये स्थापन झालेच. त्याच्या दोन वर्षे आधी, १५३४ च्या मार्चमध्ये, मार्तिं आफोन्सो द सौझा या सरदाराच्या ताफ्याबरोबर त्याचा खासगी वैद्य म्हणून ओर्ता निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. पुन्हा तो मायदेशी गेला नाही.

पहिली चार वर्षे मोहिमांवर गेली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख आणि त्याबरोबर आपली ही सात बेटे पोर्तुगीजांना लिहून दिली ती १५३४ च्या डिसेंबरातच. ते राजकारण ओर्ताने जवळून पाहिले. घारापुरीची लेणीही त्याने तेव्हाच पाहिली. पुढे पुन्हा गेला तेव्हा गुरे आत शिरून लेण्यांची खराबी झालेली पाहून तो हळहळला. आमच्या देवनारचा भाग त्या काळी ट्रॉम्बेच्या बेटात मोडायचा. सगळीकडे खाडी, चिखल, तिवरे. १९२७ पासून इथे शहराचा कचरा येऊ लागला, पुढे १९७१ मध्ये कत्तलखाना आला, आणि देवनार म्हटले की लोक नाकाला रुमाल लावू लागले. ट्रॉम्बेची टेकडी मात्र तीच आहे. वसईहून होडीने घारापुरीला जाणाऱ्या माणसाच्या एका हाताला ती टेकडी आली असणार, असे मला गच्चीवरून तिकडे बघताना नेहमी वाटते.

सौझा १५३८ मध्ये पोर्तुगालला परतला आणि ओर्ताने गोव्यात दुकान थाटले. दुकान म्हणतो ते थट्टेने नव्हे. वैद्यकीबरोबर औषधी द्रव्ये, रत्ने यांचा व्यापारही तो करी. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्याचे रोगी, तसेच बाजारातले गरीबही. लग्न केले ते नात्यातल्या एका श्रीमंत मुलीशी, ब्रियांदा द सोलिश हिच्याशी. तो संसार सुखाचा झाला नाही. दोन मुली झाल्या. घरात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गुलाम होते, आणि हे वाचताना आपल्याला टोचते तसे त्याला टोचल्याचे कुठे दिसत नाही. पुस्तकात आंतोनिया नावाची एक दासी सारखी ये-जा करते, कधी पाला, कधी फळ, कधी मूळ आणून मालकापुढे ठेवते. मालक पाहुण्याला सांगतो की वनस्पती ओळखण्यात ही पोर तरबेज आहे. तिने त्याच्यापुढे काय काय आणून ठेवले असेल आणि त्यातले किती तिच्याच तोंडून त्याला कळले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

त्याचा सर्वांत मोठा यजमान आपला महाराष्ट्रातला. अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा, बुर्हाण निजामशहा. ओर्ता घाट चढून त्याच्याकडे अनेकदा गेला, राहिला, औषधपाणी केले. हा सुलतान नुसता रोगी नव्हता, चौकस माणूस होता. दरबारात इराणी, अरबी हकीम होते, त्यांच्याशी ओर्ताच्या तासन्‌तास चर्चा होत. एकाच औषधाचे अरबी नाव काय, दख्खनी काय, गुजराती काय, कोकणी काय, हे तो टिपून घेई. त्याला कळले होते की निम्मे घोटाळे नावांचे असतात. चार भाषांतली चार नावे जोडली की चार औषधे एक होतात, किंवा एक म्हणून विकले जाणारे चूर्ण चार निघते. हकिमांच्या पोथीतली विद्या तो मानी, पण हिंदू वैद्यांच्या हातचा गुण पाहून त्यांचे उपायही त्याने उचलले आणि तसे लिहून ठेवले. त्या काळच्या युरोपियनात हा मोकळेपणा दुर्मीळ. वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असा शेराही त्याने मारलाच आहे, पण गुण आला तिथे गुण मान्य केला.

मोडशीचेच पाहा. पटकीला आपल्याकडे जुना शब्द मोडशी. ओर्ताने तो ‘मोर्शी’ असा उतरवून घेतला आणि त्या रोगाचे एका पाश्चात्त्य वैद्याने डोळ्यांनी पाहून केलेले पहिले छापील वर्णन आपल्या पुस्तकात दिले. खोल गेलेले डोळे, हाताला न लागणारी नाडी, पायांत वळणारे गोळे आणि काही तासांत खलास. इथले लोक मिरी-जिरे घातलेली पेज पाजतात आणि तळपायांना डाग देतात, हेही त्याने नोंदले. डागाचे जाऊ द्या, पण पेजेबद्दल पुढच्या काळाने त्या आजीबाईंच्या बाजूने निकाल दिला आहे. तांदळाच्या पेजेतून मीठपाणी पाजणे हा अतिसारावर आजही मान्य उपाय आहे.

आता भांग. त्याच्या पुस्तकातली प्रकरणे पोर्तुगीज वर्णक्रमाने लावलेली आहेत, त्यात ‘बांगे’चा क्रमांक आठवा. प्रकरण लहान आहे. सगळे पुस्तक संवादरूपाने लिहिलेले आहे. एक ओर्ता स्वतः आणि दुसरा रुआनो, त्याने कल्पनेने उभा केलेला, स्पेनहून नुकताच आलेला विद्वान मित्र. हा रुआनो म्हणजे ग्रंथ पाठ असलेला पण पाने न पाहिलेला माणूस, थोडक्यात गोव्याला येण्यापूर्वीचा ओर्ता. तो विचारतो की अफू आणि बांग एकच का. ओर्ता सांगतो की नाही, अफू हा खसखशीच्या बोंडाचा चीक, बांग हे वेगळे झाड, आणि पाला व बी दाखवतो. रुआनोला ते पाहताच आपल्या देशातला ताग आठवतो, म्हणजे युरोपातला हेंप. पोर्तुगीजांना हे झाड चांगले ठाऊक होते. त्यांच्या जहाजांचे दोर आणि शिडे त्याच्या वाखाची. ज्या जहाजातून आपण आलो ते ज्या झाडाने बांधलेले, तेच झाड इथे लोक घोटून पितात, हे त्यांच्या मनाला पटणे अवघड.

ओर्ता म्हणतो की हे ते झाड नव्हे. कारणे देतो ती माळ्याची. याचे बी लहान आणि तितके पांढरे नाही. याच्या खोडाला लाकूड जास्त आणि साल कमी, त्यामुळे वाख निघायचा नाही. इथले लोक पाला आणि बी खातात, दोर वळत नाहीत. पाहिलेले सगळे अचूक आहे. निष्कर्ष मात्र आजच्या वनस्पतिशास्त्राला तसाच्या तसा मान्य नाही. वाखासाठी हे झाड दाट पेरतात, ते उंच, सरळ, बिनफांद्यांचे होते आणि साल भरते. विरळ लावले, भरपूर ऊन मिळाले की तेच झुडपासारखे पसरते आणि मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चिकट राळ धरते. त्यात शतकानुशतके बी निवडून वाणही वेगळे झाले. आज बहुतेक शास्त्रज्ञ दोन्हींना एकाच जातीत धरतात. पण ओर्ताची शंका इतकी साधार होती, की लिनीअसने १७५३ मध्ये या झाडाला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिल्यावरही १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातल्या भांगेला कॅनाबिस इंडिका अशी वेगळी जात ठरवलीच. डब्यातले रोप पाहून त्याचे नाव ठरवणे वाटते तितके सोपे नाही. उजेड, दाटी आणि माती बदलली की एकच बी दोन चेहऱ्यांनी वाढते.

मग तो माजूमचे वर्णन करतो. साखरेच्या पाकात भांग, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कस्तुरी, कोणी त्यात अफूही घालतो. थकलेले सरदार झोप लागावी म्हणून घेतात, असे तो सांगतो. बहादूरशहाची गोष्ट त्याला सौझाकडून कळली होती. त्या सुलतानाला रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान असे कुठेही फिरून यावेसे वाटले तर थोडीशी भांग खाल्ली की काम होई. ज्या माणसाने मुंबई लिहून दिली तो असा बसल्या जागी जग फिरून येत असे, हे मुंबईच्या इतिहासात शिकवत नाहीत! आपल्याच नोकरांनी ती घेतली तेव्हा काम जाणवेना आणि भूक मात्र वाढली, अशी ओर्ताची वैद्याला साजेशी नोंद आहे. स्वतः मात्र त्याने चाखली नाही. हे काही आपल्या औषधांतले नाही, वेळ कशाला दवडायचा, अशा सुरात प्रकरण संपते आणि दोघे पुढच्या वनस्पतीकडे वळतात. ज्या माणसाने नवे काही दिसले की आधी तोंडात टाकून पाहिले, त्याने इथे हात आखडता घेतला. मला यात वैद्याचा सावधपणा दिसतो, आणि थोडा घरात सतत सावध राहावे लागणाऱ्या माणसाचाही. ज्याच्या पोटात गुपित आहे त्याने जीभ सैल करणारी वस्तू घेऊ नये.

भांगेची पुढची कथा मोठी आहे. खुद्द नगर जिल्ह्यात इंग्रजी अमलात परवान्याने गांजाची शेती होत असे. आज १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय याचे झाड लावणे हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शेत असो की बाल्कनीतली कुंडी, कायदा फरक करत नाही. त्याच कायद्याने गांजाची व्याख्या करताना फुलोऱ्याविना असलेला पाला आणि बी मात्र वगळले आहे, म्हणून उत्तरेत सरकारी परवान्याची भांगेची दुकाने उघडपणे चालतात. आमचे सेक्रेटरी घाबरले ते उगाच नव्हते.

पुस्तक छापून झाले १० एप्रिल १५६३ रोजी, गोव्यात, जुवांव द एंदेम या मुद्रकाकडे. छापखाना भारतात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाई इतकी अशुद्ध की शेवटी पानेच्या पाने शुद्धिपत्र. पण त्या काळी लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या पोर्तुगीजमध्ये लिहिलेले, आणि आंबा, फणस, नारळ, विडा, हळद, हिंग, धोतरा, भिरंड यांवर बोलणारे हे पुस्तक तोवर झालेच नव्हते. गोव्यात तेव्हा कामोंइश नावाचा एक कफल्लक कवी होता. ओर्ताच्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची कविता छापली गेली, ती त्याची पहिली छापील कविता. पुढे तो पोर्तुगालचा महाकवी झाला. ग्रीकांच्या चुका दाखवताना ओर्ता निर्धास्त दिसतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलण्याची छाती झाली नसती, असे तो मिश्कीलपणे कबूल करतो.

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक नाव आहे ते वाचून अंगावर काटा येतो. पुस्तक तपासून छापायला संमती देणारा अधिकारी म्हणून तिथे अलेशो दियश फाल्कांव याचा उल्लेख आहे. हा गोव्याच्या धर्मन्यायालयाचा न्यायाधीश. ज्या न्यायालयापासून ओर्ता १५३४ मध्ये पळाला होता ते १५६० मध्ये गोव्यात त्याच्या दारात येऊन बसले होते. त्याआधीच, १५४३ मध्ये, जेरोनिमो दियश या नव्या ख्रिस्ती वैद्याला गोव्यात जाळले गेले होते. ओर्ताच्या दोन बहिणी, कातारिना आणि इझाबेल, १५४७ मध्ये लिस्बनला तुरुंगात गेल्या होत्या. सुटल्यावर १५४९ मध्ये त्याने आईला आणि त्यांना गोव्याला बोलावून घेतले. मोठा माणूस, गव्हर्नरांचा डॉक्टर, त्याच्या छत्राखाली सगळे सुखरूप राहतील असा हिशेब. तो जिवंत होता तोवर हिशेब बरोबर ठरला.

हे कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचावे. वसईच्या मुलखातले कुणबी, बागाईत करणारे माळी, वसुली करणारे प्रभू, पारशी, अस्पृश्य, सगळ्यांविषयी तो लिहितो. कोणाचा देव कोणता, कोण काय खातो, सगळे तपशिलाने. वनस्पतीला तर जन्मगाव, कूळ, नाव विचारल्याशिवाय सोडत नाही. एकाच माणसाचे जन्मगाव आणि कूळ त्यात नाही, ते त्याचे स्वतःचे. ज्यूंचा विषय आला की वाक्य लहान होते आणि दुसरीकडे वळते.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुरले ते ख्रिस्ती म्हणून, मानाने. त्यानंतर काही महिन्यांतच कातारिनाला धरले. कैदेत तिने सांगून टाकले की भाऊ मनाने अखेरपर्यंत ज्यूच होता, शनिवार हाच शब्बाथ मानत होता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळले. माणसाला शिक्षा द्यायची राहिली म्हणून मग प्रेतावर खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. राख मांडवीत गेली असे सांगतात.

युरोपला यातले काही ठाऊक नव्हते. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये लिस्बनला हे पुस्तक मिळाले. त्याने संवाद गाळून, चित्रे घालून त्याचा लॅटिन सारांश केला आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून छापला. त्यातूनच युरोपातल्या वैद्यांना आपली हळद आणि आपली भांग कळली. इंग्रजी भाषांतर क्लेमंट्स मार्कमने १९१३ मध्ये केले, तेव्हाही त्याला भला ख्रिस्ती डॉक्टर एवढेच माहीत होते. ओर्ताच्या प्रवासाला चारशे वर्षे झाली म्हणून १९३४ मध्ये सिल्व्हा कार्व्हाल्यो या पोर्तुगीज डॉक्टराने धर्मन्यायालयाची जुनी दप्तरे उलगडली, तेव्हा कातारिनाची जबानी आणि हाडांची कथा बाहेर आली. त्यानंतर पोर्तुगालने त्याचे चित्र १९७१ मध्ये वीस एश्कुदोंच्या नोटेवर छापले आणि १९९१ मध्ये दोनशेच्या नाण्यावर. पणजीला चर्चसमोरच्या नगरउद्यानाला त्याचेच नाव आहे. मुंबईत एखादी गल्लीही त्याच्या नावाची माझ्या पाहण्यात नाही.

क्लुसियसच्या सारांशाची दुसरी आवृत्ती १५७४ मध्ये निघाली आणि तिसरी १५७९ मध्ये. म्हणजे गोव्यात त्याच्या थडग्यावर कुदळ पडली तेव्हा अँटवर्पच्या दुकानांत त्याच्या पुस्तकाची ताजी प्रत विकत मिळत होती, मुखपृष्ठावर त्याच्या नावासकट.